शेळीचे दूध, कोकमतेल आणि दाढीचा साबण



दाढीच्या साबणावर बायकांनी लेख लिहावा हे काही जणांना चमत्कारिक वाटेल. आमच्या घरच्या पुरुषांनाही वाटले. पण हा साबण आम्ही हौसेखातर केला नाही, गरज पडली म्हणून केला. आम्ही म्हणजे दिमोन्यात राहणाऱ्या चौघी, तीन जावा आणि एक नणंद. त्यातल्या दोघींचा जन्म सिस्टरकीत गेला. चौघींनी मिळून सत्तरी ओलांडली असे म्हणण्याची सोय नाही, कारण प्रत्येकीने वेगवेगळी ओलांडली आहे!

आमचे मोठे भाऊजी (नणंदेचे दादा) जन्मभर रोज सकाळी गुळगुळीत दाढी करणारे. मुंबईत असताना गिरणीच्या पहिल्या पाळीला जायचे तरी दाढी चुकली नाही. पाते वापरू नये असे आमच्या रब्बींनी सांगून झाले, इलेक्ट्रिक मशीनही मुलांनी आणून दिले, पण भाऊजींनी ते कपाटात ठेवले. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांची सेवा करणारा नेपाळी मुलगा गुणी आहे, पण दुसऱ्याची दाढी करणे हे काम वेगळेच. डब्यातला फेस फसकन तोंडाला लावायचा आणि पाते फिरवायचे. तो फेस हवेने फुगलेला, दोन मिनिटांत वाळतो. सुरकुतलेल्या गालावर पाते अडले की चीर पडते आणि गोळ्यांमुळे रक्त थांबता थांबत नाही. पुरीमच्या आधी एकदा उशीचा अभ्रा रंगला. त्यानंतर भाऊजींनी दाढी करून घ्यायचेच सोडले. आणि दाढी वाढलेल्या तोंडाने मशिदीत कसे जायचे म्हणून शब्बाथलाही जायचे सोडले. इथे दोष कोणाचा नव्हता. पण बघत बसणेही बरे नव्हते.

पाते गालावर सरकते कशामुळे, हे आधी समजून घ्यावे लागते. दाढीचा केस कोरडा असताना तारेसारखा कडक असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाणी मुरले की तो मऊ पडतो. साबणाचे खरे काम ते पाणी केसापाशी धरून ठेवण्याचे आणि कातडी व पाते यांच्यात निसरडा थर ठेवण्याचे. अंगाचा साबण यासाठी चालत नाही. त्याचा फेस मोठा, पण लवकर बसतो. दाढीचा फेस दाट, बारीक, साईसारखा हवा. तो येतो स्टिअरिक ऍसिड नावाच्या चरबीपासून. नाव ऍसिडचे असले तरी भिऊ नका, पांढऱ्या मेणाच्या दाण्यांसारखा पदार्थ आहे, मेणबत्त्यांतही घालतात.

दुसरी गोष्ट क्षाराची. साबण म्हणजे तेल-चरबी आणि क्षार यांचा संयोग, त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. कॉस्टिक सोडा वापरला तर साबण कडक होतो, कॉस्टिक पोटॅश वापरले तर मऊ होतो आणि पाण्यात पटकन विरघळून फेस देतो. दाढीच्या साबणाला दोन्ही लागतात, पोटॅश जास्त आणि सोडा कमी. नुसत्या ऑलिव्ह तेलाचा साबण नाब्लुसला पिढ्यान्‌पिढ्या होतो. 2024 मध्ये युनेस्कोने त्या कलेला आपल्या वारशाच्या यादीत घेतले. आंघोळीला तो उत्तम, पण दाढीला त्याचा फेस अगदी तोकडा. आम्ही करून पाहिले.

हाताने केलेले दुधाचे दाढीचे साबण परदेशात बरेच मिळतात. आमच्या भाच्याने एक मागवूनही दिला. वास छान, फेस छान. पण डब्यामागची यादी वाचली आणि ठेवून दिला, कारण त्यात टॅलो होते, म्हणजे गुरांची चरबी, आणि शेजारीच शेळीचे दूध. दोन्ही एकत्र शिजवलेले. मांस आणि दूध एकत्र शिजवण्याची मनाई तोरामध्ये तीन ठिकाणी आली आहे. साबण काही आपण खात नाही, आणि चरबीला काय लागू आणि काय नाही याची बारीक चर्चा रब्बींनी करावी. पण ज्या घरात मटणाच्या बिरड्याला नारळाचे दूध आणि दह्या-दुधाची भांडी वेगळी, त्या घरात हा साबण आमच्याने भाऊजींच्या ओठांजवळ लावला गेला नसता.

मग चरबीऐवजी काय? आमच्यातल्या धाकटीने आठवण काढली कोकमतेलाची. तळकोकणात त्याला मुठेल म्हणतात, कारण ते मुठीत वळून गोळे करून ठेवतात. लहानपणी थंडीत टाचांना भेगा पडल्या की आजी तो पिवळट पांढरा गोळा दिव्यावर धरून त्याचे थेंब भेगेत सोडायची. कोकमाच्या बिया फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा आणि वर आलेले तेल काढून गार झाले की वळायचे. ओठ फुटले की तेच, भाजले की तेच. या तेलात निम्म्याहून जास्त भाग स्टिअरिक ऍसिडचाच असतो, म्हणून ते उन्हाळ्यातही घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने मऊ पडते. टॅलोचे काम करणारी, पण झाडाची चरबी! मुंबईत गोदरेजांनी 1918 च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीशिवाय साबण काढला होता, तेव्हा वनस्पती तेलाचा साबण ही आपल्याकडे नवलाई नाहीच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत, घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. कोकमतेल हे घाण्याचे तेल नव्हे, ते घरोघरी बायका करायच्या. तरी आमच्या नातवंडांना जेव्हा सांगितले की आपले पूर्वज तेली होते, तेव्हा त्यांना हसू आले. साबण झाल्यावर मात्र त्यातल्या एकाने वर्गात जाऊन सांगितले म्हणे.

दूध आणले नेगेवमधल्या एका शेळ्यांच्या फार्मवरून. सदे बोकेरच्या वाटेवर अशी घरगुती फार्म आहेत, चीजसाठी लोक थांबतात. आता तिथे पांढऱ्या, विलायती जातीच्या शेळ्या दिसतात. काळ्या शेळ्या झाडे खातात म्हणून 1950 मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा झाला होता, तो 2018 मध्ये रद्द केला. वणव्याचे वाळके गवत शेळ्याच खातात हे उशिरा लक्षात आले.

आता आमच्या फजितीकडे. पहिल्या खेपेला आम्ही पाण्याऐवजी सगळे दूधच घेतले आणि त्यात कॉस्टिक टाकले. क्षार विरघळताना प्रचंड उष्णता निघते हे दोन नर्सांना माहीत नसावे! दूध आधी पिवळे झाले, मग नारिंगी, मग गुळाच्या पाकासारखे तपकिरी, आणि वास असा सुटला की शेजारच्या मोरोक्कन बाईने खिडकी बंद केली. दुधातली साखर करपते आणि प्रथिने फाटून अमोनियासारखी घाण येते. वर आम्ही वापरला होता ऍल्युमिनियमचा टोप. कॉस्टिक ऍल्युमिनियमला खाते आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. टोप काळा पडला. तो आता कुंडी म्हणून बाल्कनीत आहे.

थंड पद्धतीने साबण करणारे लोक दुधाचे बर्फाचे खडे करतात आणि त्यावर क्षार थोडा थोडा टाकतात. अंगाच्या साबणाला ते ठीक. पण दाढीच्या साबणातले स्टिअरिक सत्तर डिग्रीच्या आसपास वितळते, म्हणून हा साबण गरमच करावा लागतो. तेव्हा आम्ही दूध अगदी शेवटी, क्षार संपल्यावर घालायचे ठरवले. त्याने सगळा प्रश्न सुटला.

आमचे माप असे. एकूण चरबी 500 ग्रॅम, त्यात स्टिअरिक 225, कोकमतेल 125, खोबरेल 100 आणि एरंडेल 50. क्षारात कॉस्टिक पोटॅश 65 ग्रॅम (पिशवीवर 90 टक्के शुद्ध असे लिहिलेले) आणि कॉस्टिक सोडा 28 ग्रॅम. पाणी 120 ग्रॅम, शेळीचे दूध 100 ग्रॅम. या मापात सुमारे पाच टक्के चरबी क्षाराला न मिळता मोकळी राहते, ती कातडीसाठी. एक सांगून ठेवतो, तेल बदलले की क्षाराचे माप बदलते. खोबरेल इतर तेलांपेक्षा बराच जास्त क्षार घेते. म्हणून "कोकम नाही तर तूप घालू, तेवढेच" असे करू नका, नव्याने हिशेब करा. आणि सगळे वजनानेच मोजा, पाणी आणि दूधसुद्धा. आमच्या स्वयंपाकातल्या वाटी-चमच्याला इथे थारा नाही.

सुरुवातीला गॉगल, रबरी ग्लोव्हज, लांब बाह्या, खिडकी उघडी, नातवंडे घराबाहेर. कॉस्टिक पाण्यात टाकायचे, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येते. अंगावर उडालेच तर नळाखाली धरायचे, वीस मिनिटे तरी, मध्ये थांबून बघायचे नाही. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत धूत थेट इस्पितळात. व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आम्ही वॉर्डात कॉस्टिकने भाजलेले हात पाहिले आहेत, ते आम्लाने भाजल्यापेक्षा खोल जातात आणि सुरुवातीला तेवढे दुखतही नाहीत, म्हणून माणूस फसतो.

स्टीलच्या मोठ्या टोपात स्टिअरिक, खोबरेल, एरंडेल आणि 100 ग्रॅम कोकमतेल घेऊन तो टोप उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. उरलेले 25 ग्रॅम कोकमतेल बाजूला राहू द्यायचे. चरबी वितळून पंचाहत्तर-ऐंशी डिग्रीला आली की क्षाराचे पाणी बारीक धारेने सोडायचे आणि ढवळायचे. टोप तिपटीने मोठा हवा, कारण हे एकदम फुगते. आणि बघता बघता मोदकाच्या उकडीसारखा गोळा होतो. पहिल्यांदा आम्ही घाबरलो, बिघडले म्हणून. बिघडलेले नसते. स्टिअरिक क्षाराला ताबडतोब धरते, बाकीची तेले मागून येतात.

त्यानंतर तासभर, कधी दीड तास, झाकण ठेवून त्याच उकळत्या पाण्यावर. दर पंधरा मिनिटांनी सिलिकॉनच्या उलथण्याने खालचे वर करायचे. लाकडी उलथणे क्षाराने झिजते. हे घोटणे आम्हा बायकांना नवीन नाही. रोश हशानाला चिकाचा हलवा जिने घोटला आहे तिच्या मनगटाला हे काम ओळखीचे आहे, फक्त इथे चव बघायची नाही! काही साबणवाले जिभेची टोके लावून क्षार राहिला का ते बघतात. आमच्या मते तो मूर्खपणा आहे. चिमूटभर साबण शुद्ध पाण्यात विरघळवून पीएचची पट्टी बुडवा. नऊ ते दहा आले तर ठीक, अकराच्या वर असेल तर आणखी शिजू द्या. पट्टी ढोबळ सांगते, पण जिभेपेक्षा बरी. साबण झाला की पांढरी उकड जाऊन व्हॅसलीनसारखा अर्धपारदर्शक, लवचिक गोळा दिसतो.

आता दूध. टोप उतरवून साबण सत्तर डिग्रीपर्यंत खाली येऊ द्यायचा. दूध कोमट करायचे, फ्रीजमधले गार घातले तर साबणाच्या गाठी होतात. तीन-चार वेळा थोडे थोडे घालून घोटायचे, मागोमाग ते राखून ठेवलेले कोकमतेल. क्षार आता जवळजवळ संपलेला असतो, म्हणून दूध करपत नाही. रंग सायीचा राहतो. थोडा वाळ्याचा अर्क घालतात, अर्धा किलो चरबीला पाच ग्रॅमपेक्षा जास्त नको. भाऊजींसाठी आम्ही वासाचे काहीच घातले नाही, म्हाताऱ्या कातडीला सुवासिक अर्क कधीकधी झोंबतात. मग गरम असतानाच स्टीलच्या वाट्यांत दाबून भरायचा, मध्ये हवा राहू द्यायची नाही. एवढ्या मालाच्या सात वाट्या भरल्या.

दुधाने नेमके काय होते, हे लोक विचारतात. दुकानवाले सांगतात की सुरकुत्या जातात, जीवनसत्त्वे मिळतात. थोतांड आहे. क्षार आणि उष्णता यातून जीवनसत्त्वे किती राहणार, आणि राहिली तरी दोन मिनिटांत धुऊन जातात. खरा उपयोग साधा आहे. दुधातल्या साखरेने फेस वाढतो, प्रथिनांनी तो दाट आणि गुबगुबीत होतो, आणि दुधाची चरबी मऊपणा देते. बस्स. गाईच्या दुधानेही हेच होईल, नारळाच्या दुधानेही बरेचसे होते. ज्यांना दुधाची ऍलर्जी आहे त्यांनी मात्र नारळाचेच घ्यावे, कारण दाढीत कातडी कुठे ना कुठे खरचटतेच.

दुसरी खेप आम्ही पेसाख उरकल्यावर लगेच घातली. गरम पद्धतीचा साबण दुसऱ्या दिवशी वापरता येतो खरा, पण चार आठवडे हवेवर ठेवला तर जास्तीचे पाणी उडते, साबण घट्ट होतो आणि फेस सुधारतो. पेसाख संपल्यापासून लाग बा-ओमेरपर्यंत जवळजवळ चारच आठवडे होतात. ओमेरच्या दिवसांत आमच्याकडे कोणी दाढी करत नाही, तेव्हा साबण कपाटात मुरत होता आणि भाऊजींची दाढी वाढत होती, दोन्ही एकदमच. एरवी भाऊजी कुरकुरले असते. आता त्यांना निमित्तच मिळाले.

लाग बा-ओमेरच्या सकाळी चौघी त्यांच्या घरी गेलो. नेपाळी मुलाला जवळ बसवले, कारण रोज त्यालाच करायचे आहे. आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटे गालावर. ब्रश सिंथेटिक केसांचा. डुकराच्या केसांचे ब्रश स्वस्त मिळतात, पण ते आम्हालाच नको होते, आणि सिंथेटिक लवकर वाळतो, त्यात घाण राहत नाही. ओला ब्रश वाटीतल्या साबणावर अर्धा मिनिट फिरवायचा, मग गालावर गोल गोल, मध्ये थेंब थेंब पाणी. आमच्या नळाच्या पाण्याने किटलीत चुना बसतो, असले पाणी साबणाचा फेस मारते, म्हणून उकळून निवळलेले घेतले. फेस असा आला की मुलगा म्हणाला, दही लावल्यासारखे दिसते.

कातडी दोन बोटांनी ताणायची, केसाच्या दिशेनेच पाते न्यायचे, दाबायचे नाही, उलट फिरवायचे नाही. महिनाभराची दाढी आधी मशीनने कापून घेतली होती. फेस वाळायच्या आत पुन्हा ब्रश. पूर्वी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात पात्याने केस काढत, आम्हीही कितीदा उभ्या राहिलो आहोत. त्या बारीक चिरांतून जंतू जातात हे कळल्यावर पाते गेले आणि क्लिपर आले. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मशीनच बरे, हेच आम्ही सर्वांना सांगू. पण भाऊजींना नव्हते पटत. आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाचे एवढे तरी ऐकावे.

पाऊण तास लागला. हनुवटीखाली एक ठिपका आला, बोट दाबून धरल्यावर थांबला. भाऊजींनी डाव्या हाताने गाल चाचपला, मग दुसरा गाल, आणि बोबड्या आवाजात विचारले, "तेल कुठलं?" कोकमाचे म्हटल्यावर म्हणाले, "वास नाही येत." आम्ही म्हटले, येत नाहीच. तर म्हणाले, आईच्या हाताला यायचा.

त्या शब्बाथला ते व्हीलचेअरवरून मशिदीत गेले.

साबणाच्या तीन वाट्या उरल्या आहेत. दुधाचा असला तरी तो नासत नाही, क्षारधर्मी असतो आणि त्यात मोकळे पाणी थोडे. मात्र वर्षभरात तेल खवट होऊ शकते, म्हणून कोरड्या, गार जागी ठेवावा आणि वापरल्यावर वाटी उघडी वाळू द्यावी. मंडळातल्या आणखी दोन घरांतून मागणी आली आहे, दोन्ही ठिकाणी अंथरुणावरचे पेशंट आहेत. दूध आहे, कॉस्टिक आहे, पण कोकमतेलाचा शेवटचा गोळा सुपारीएवढा राहिला. इथल्या दुकानात मिळते ते वास काढून पांढरे केलेले असते. चालते, पण महाग आहे. तेव्हा अलिबाग, पेण, रेवदंडा किंवा आणखी खाली रत्नागिरीकडे कोणी जाणार असेल तर आम्हाला आधी कळवावे. एका खेपेला सव्वाशे ग्रॅम लागते. गोळे वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या डब्यात घालून आणावेत, विमानात वितळले तर कपड्यांचे डाग जात नाहीत.